डिकीतला बेस फुसका येतोय? वूफर बदलण्याआधी बॉक्स तपासा

गाडीच्या डिकीत बसणारे सबवूफरचे, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरचे, बॉक्स मी बनवतो, आणि त्याहून जास्त वेळा दुसरीकडे बनलेले बॉक्स दुरुस्त करतो. तक्रार बहुतेक वेळा एकच असते. बारा इंची वूफर घेतला, ॲम्प (ॲम्प्लिफायर) घेतला, बॅटरीपासून जाड वायर ओढली, सुताराकडून मापाचा बॉक्स करून घेतला, तरी बेसमध्ये दम नाही. चौकशी करावी तर सल्ला मिळतो की वूफर हलका आहे, याच्यावरचा घ्या. मग आणखी आठ-दहा हजार जातात आणि त्याच भोकात नवा वूफर बसतो. आवाज तसाच राहतो, कारण दोष त्या भोकामागच्या हवेत असतो.

वूफर हे निम्मं वाद्य आहे. उरलेलं निम्मं म्हणजे बॉक्समध्ये कोंडलेली हवा. डग्ग्याची पुडी कितीही चांगली असू द्या, भांड्याला चीर असेल तर घुमारा उठत नाही. इथेही तेच. वूफरचा कोन (समोरचा हलणारा पडदा) पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ताणली जाते. खालच्या सुरांच्या लहरी इतक्या लांब असतात की त्या कडेवरून सहज वळतात. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की आवाज तिथेच मारला जातो. ही भेट होऊ न देणं हे बॉक्सचं पहिलं काम. दुसरं काम म्हणजे त्या हवेची स्प्रिंग वूफरला मानवेल इतकीच ताठ ठेवणं. पहिलं काम बिघडतं गळतीमुळे, दुसरं बिघडतं लिटरचा हिशेब चुकल्यामुळे.

आधी लक्षण नीट ओळखा

- आवाज वाढवला की कोन जोरात हलतो, पण बेस त्या मानाने येत नाही. गळती किंवा उलटी जोडणी.
- प्रत्येक गाण्यात एकच 'धूम' ऐकू येते. ढोल असो, बेस गिटार असो, सूर तोच. बॉक्स लहान पडतोय किंवा पोर्टचं (बॉक्सची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचं) ट्यूनिंग, म्हणजे ती हवा ज्या सुरावर सर्वांत जोरात घुमते तो हर्ट्झचा आकडा, वर गेलंय.
- बेससोबत 'फुस्स' किंवा 'फरफर'. सांध्यातून किंवा पोर्टमधून हवा जोरात जातेय.
- गाडीबाहेर उभं राहिलं की दणका, सीटवर बसलं की काहीच नाही. बॉक्सची जागा, नाहीतर फेज, म्हणजे पुढच्या स्पीकरशी वूफरच्या हालचालीचा मेळ.
- खडखड, झणझण. हे बहुतेक वेळा बॉक्सचं नसतंच, गाडीच्या पत्र्याचं आणि प्लास्टिकचं असतं.
- मोठ्या आवाजात 'टक-टक' असा कोरडा ठोका. कोन मर्यादेबाहेर जातोय. ऐकू आला की आवाज लगेच कमी करा, याने कोनामागची तारेची कॉइल कायमची जाते.
- दहा-पंधरा मिनिटं वाजून ॲम्प बंद पडतो, लाल दिवा लागतो. वायरिंग, अर्थिंग किंवा ओहमचं (कॉइलच्या विद्युत रोधाचं) गणित.

एकाच गाडीत दोन-तीन लक्षणं एकत्र असू शकतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या काही तपासण्यांना एक पैसा लागत नाही आणि त्यातच बरीच प्रकरणं मिटतात.

ॲम्पवरचे खटके आणि बटणं

ॲम्पच्या बाजूला एक छोटा खटका असतो: एलपीएफ (फक्त खालचे सूर सोडतो), फुल (सगळे सोडतो), एचपीएफ (फक्त वरचे सोडतो). तो एलपीएफवर हवा. एचपीएफवर असेल तर खालचे सूर वूफरपर्यंत पोचतच नाहीत. बॉक्स बसवताना ॲम्प इकडून तिकडे सरकवला जातो, बोट लागतं आणि खटका हलतो. हे मी अनेकदा पाहिलंय.

एलपीएफ साधारण ८० हर्ट्झवर ठेवा. स्टिरिओमध्येही सबवूफरचा फिल्टर असेल तर दोन्हीपैकी एकच चालू ठेवा. दोन्ही लागले की उतार दुप्पट तीव्र होतो, फेज सरकते आणि पुढच्या स्पीकरशी जुळणारा भागच खाल्ला जातो.

सबसॉनिक फिल्टर हा दुसरा चोर. त्याचं बटण पूर्ण फिरवलेलं असेल तर तो ५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापतो, आणि खरा बेस तर तिथेच असतो. पोर्ट असलेल्या बॉक्सला हा फिल्टर ट्यूनिंगच्या थोडा खाली लावायचा. ट्यूनिंग ३५ असेल तर २८ ते ३० ठीक. पोर्टवाल्या बॉक्समध्ये तो पूर्ण बंद ठेवू नका, कारण ट्यूनिंगच्या खाली हवेची स्प्रिंग उरत नाही आणि कोन मोकाट सुटतो. वरचा 'टक-टक' बहुधा याचाच असतो. बंद, म्हणजे सीलबंद बॉक्सला हा फिल्टर नसला तरी चालतो.

बेस बूस्ट शून्यावर आणा. गेनचं बटण म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालण्यासाठी ते असतं. गेन पूर्ण वर नेऊन फुसका बेस जोरदार होत नाही, फक्त तुटका होतो.

कंपनीचा स्टिरिओ असेल आणि सिग्नल स्पीकरच्या वायरमधून घेतला असेल तर एक चाचणी नक्की करा. काही कंपनी-स्टिरिओ आवाज वाढला की स्वतःच बेस कमी करतात, त्यांच्या छोट्या स्पीकरना वाचवण्यासाठी. लक्षण असं, की कमी आवाजात बेस चांगला आणि आवाज वाढवला की गायब. हेडफोनच्या जॅकवरून आरसीएमध्ये (ॲम्पच्या सिग्नलच्या गोल सॉकेटमध्ये) जाणारी केबल घ्या, मोबाइल थेट ॲम्पला जोडा, आवाज अगदी कमीपासून सुरू करा. बेस भरून आला तर तुमचा बॉक्स निर्दोष आहे. त्याला करवत लावू नका.

साध्या सेलने जोडणी तपासा

वूफरच्या वायर ॲम्पपासून सोडवा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. सेलचं धन टोक वूफरच्या धन वायरला आणि ऋण टोक ऋण वायरला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. आत गेला तर बॉक्सच्या आतली वायर उलटी आहे.

एका बॉक्समध्ये दोन वूफर असतील तर दोन्ही एकाच दिशेने हलायला हवेत. एक बाहेर आणि एक आत असं झालं की एकाने दाबलेली हवा दुसरा खातो. दोन्ही कोन जोरजोरात नाचताना दिसतात आणि बेस जवळजवळ शून्य. मालक वूफरची ताकद वाढवत बसतो, आणि चूक असते एका वायरची.

दुहेरी कॉइलच्या वूफरमध्ये हीच चूक एकाच वूफरच्या आत होते. दोन कॉइलपैकी एक उलटी जोडली की त्या एकमेकींशी झगडतात, कोन हलत नाही, कॉइल मात्र तापते. म्हणून प्रत्येक कॉइल वेगळी तपासा. मल्टिमीटर असेल तर ओहमही बघा. ४ ओहमच्या कॉइलवर मीटर साधारण ३ ते ४ च्या मध्ये दाखवतो. ४ अधिक ४ ची दुहेरी कॉइल समांतर जोडली तर २ ओहमचा भार पडतो, एकापुढे एक जोडली तर ८ चा. तुमचा ॲम्प २ ओहमला चालणारा नसेल आणि जोडणी समांतर असेल, तर तो दर पंधरा मिनिटांनी बंद का पडतो हे इथेच कळेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळालीय. तिथे थांबा, पुढची तपासणी वूफर दुरुस्त झाल्यावर.

जोडणी बरोबर निघाली की ॲम्पवरचा फेजचा खटका ०° आणि १८०° असा दोन्हीकडे करून बघा. एकाने ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, दुसऱ्याने मागे खटका हलवायचा. ज्या बाजूला सीटवर बेस भरतो ती बाजू ठेवायची. डिकीजवळ उभं राहून हा निर्णय घेऊ नका. गाणं तुम्ही सीटवर बसून ऐकणार आहात.

बॉक्स हलवून बघा

४० हर्ट्झची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या चार मीटरच्या आत. म्हणजे गाडीच्या दुपटीहून लांब लहर तुम्ही त्या डब्यात भरताय, त्यामुळे बॉक्स दहा सेंटिमीटर सरकवला तरी फरक ऐकू येतो. बॉक्स सीटकडे तोंड करून असेल तर फिरवून डिकीच्या दाराकडे करा. दारापासून अंतर बदलत दोन-तीन जागांवर तेच गाणं ऐका.

पोर्टचं तोंड कशालाही चिकटलेलं नको. पोर्टचा जेवढा व्यास, निदान तेवढी मोकळी जागा समोर हवी. १० सेंटिमीटरच्या पोर्टसमोर १० सेंटिमीटर. सीएनजी गाड्यांमध्ये हा घोळ फार होतो. सिलिंडरने डिकीचा बहुतेक भाग घेतलेला असतो, उरलेल्या जागेत बॉक्स कोंबतात आणि पोर्टचं तोंड थेट सिलिंडरच्या पोटाला लागतं. पोर्ट बुजला की ट्यूनिंग खाली घसरतं आणि फरफर सुरू होते.

सेदान गाडीत वेगळी अडचण. तिथे डिकी आणि केबिन यांच्यामध्ये सीटची पाठ आणि बऱ्याच गाड्यांत पत्रा असतो. मागची सीट पाडून, किंवा आर्मरेस्टमागची खिडकी असेल तर ती उघडून वाजवा. बेस एकदम उघडला तर बॉक्स चांगला आहे, फक्त त्याची हवा केबिनमध्ये येत नाही. पोर्टचं तोंड त्या खिडकीकडे वळवलं की बऱ्याचदा काम होतं.

खडखड

बॉक्स उचलून गाडीबाहेर जमिनीवर ठेवा, लांब वायरने जोडून वाजवा. खडखड गेली का? मग ती गाडीची होती. मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं मोफत ॲप घ्या, ३० ते ८० हर्ट्झ हळूहळू फिरवा आणि दुसऱ्या हाताने एकेक वस्तू दाबत जा: पार्सल ट्रे, नंबर प्लेट, स्टेपनीवरचं झाकण, जॅक-पाना, मागच्या दिव्याचं प्लास्टिक, दाराच्या आतला पत्रा. दाबल्यावर आवाज थांबला की गुन्हेगार सापडला. फोमची पट्टी किंवा ब्युटाइलची डॅम्पिंग शीट लावा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट मात्र खोलू नका, तिचे स्नॅप लॉक एकदाच बसतात. कडेखाली पातळ फोम सरकवला तरी पुरतं.

गळती: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

माझ्याकडे येणाऱ्या फुसक्या बॉक्सपैकी सर्वांत मोठा गट हाच. बॉक्स बाहेरून देखणा, काळं कार्पेट घट्ट ताणून चिकटवलेलं, कोपरे रेखीव. कार्पेट सोलून काढलं की आत पॅनल फक्त खिळ्यांवर उभे दिसतात, सांध्यात गोंदाचा पत्ता नाही. कपाटाला ते चालतं, कपाटात हवा दाबायची नसते. आपल्या सुतारांचा हात सुरेख असतो. त्यांना एवढंच सांगितलेलं नसतं की हा बॉक्स पाण्याच्या टाकीसारखा करायचा आहे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळा हे दुसरं कारण. उघड्या कडेने एमडीएफ (लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा बोर्ड) दमट हवा पितो, कडा फुगतात, सांधा केसभर सुटतो. मे महिन्यात चांगला वाजणारा बॉक्स ऑगस्टमध्ये फुसका झाला असेल तर मी आधी खालची कड बघतो, कारण डिकीच्या तळाशी गालिच्याखाली ओल साचते.

पहिली चाचणी तळहाताची, आणि ती फक्त बंद बॉक्ससाठी. सगळं बंद करून वूफरच्या कोनावर दोन्ही तळहात समान ठेवा आणि सावकाश थोडा आत दाबा. तिरका दाबू नका, कॉइल घासते. हवा अडकलेली असेल तर हाताला गुबगुबीत विरोध जाणवतो आणि सोडल्यावर कोन रेंगाळत परत येतो. लगेच उसळून आला तर हवा कुठूनतरी बाहेर जातेय. पोर्टवाल्या बॉक्समध्ये पोर्टचं तोंड कपड्याच्या घट्ट बोळ्याने बुजवून हीच चाचणी ढोबळमानाने करता येते.

दुसरी चाचणी उदबत्तीची. बॉक्स गाडीतून बाहेर काढा. हे मी आग्रहाने सांगतोय: पेट्रोल किंवा सीएनजी गाडीच्या डिकीत उदबत्ती पेटवायची नाही. अंगणात किंवा गच्चीवर बॉक्स ठेवा, मध्यम आवाजात २५ ते ३० हर्ट्झचा टोन लावा आणि उदबत्तीचा धूर सांध्यांवरून सावकाश फिरवा. जिथे गळती आहे तिथे धुराची रेघ थरथरते, आत खेचली जाते आणि बाहेर फेकली जाते. पोर्टजवळ उदबत्ती नेऊ नका, आत फायबर भरलेलं असेल तर ते पेट घेऊ शकतं. उदबत्ती नको असेल तर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी धरा, तीही फडफडून दाखवते. साबणाचं पाणी मात्र लावू नका, एमडीएफ तेही पिईल.

कुठे शोधायचं, त्याचाही क्रम आहे. सर्वांत आधी वायर जोडायची प्लास्टिकची वाटी, जी बॉक्सच्या पाठीला बसवलेली असते. तिच्याखाली गास्केट नसतं आणि तिच्या मधल्या भोकांतून हवा सर्रास जाते. दुसरी जागा वूफरची रिंग. भोक जरा मोठं कापलं गेलं की रिंग एका बाजूला जेमतेम टेकते. तिसरी, झडलेले किंवा आरपार गेलेले स्क्रू. चौथी, मागचा आणि खालचा सांधा. कार्पेटवरून धूर नीट कळत नाही, म्हणून संशय आला की कार्पेट सोलायची तयारी ठेवा.

दुरुस्ती स्वस्त आहे. रिंग आणि वाटीखाली बंद-पेशी फोमची पट्टी, दरवाजाच्या फटीला लावतात तशी, आणि स्क्रू समोरासमोरचे जोडीने आवळायचे. बारीक फटी असतील तर वूफर काढून आतून लाकडाचा गोंद आणि बारीक भुसा यांची लांबी (पुट्टी) बोटाने सांध्यात दाबून भरा, वाळली की गोंदाचा आणखी एक हात द्या. कोपऱ्यात मोठं भोक असेल तर एम-सील. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन पूर्ण वाळेपर्यंत वूफर परत बसवू नका, निदान एक दिवस तरी. त्यातून निघणारी ॲसिडची वाफ बंद बॉक्समध्ये कोंडली तर वूफरच्या धातूला आणि गोंदाला ती मानवत नाही.

पोर्टचं खरं ट्यूनिंग डोळ्यांनी बघा

कागदावर ३५ हर्ट्झ लिहिलंय म्हणून बॉक्स ३५ ला ट्यून झालेला असतोच असं नाही. हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. टोन जनरेटर ६० हर्ट्झवर लावा, आवाज कमी ठेवा, आणि एकेक हर्ट्झ खाली येत वूफरच्या कोनाकडे टॉर्च मारून बघत रहा. कोन हलत असेल, मग हलणं कमी कमी होत जाईल, एका ठिकाणी तो जवळजवळ थांबेल आणि पोर्टसमोर धरलेल्या हाताला जोराचा वारा लागेल. आणखी खाली गेलात की कोन पुन्हा मोठा हलू लागेल. जिथे कोन शांत आणि पोर्ट जोरात, तो आकडा म्हणजे तुमच्या बॉक्सचं खरं ट्यूनिंग. त्या क्षणी आवाजाचं काम पोर्टमधली हवा करत असते, वूफर तिला फक्त झोका देतो. मला ही चाचणी फार आवडते. आत काय चाललंय ते तिच्यात उघड दिसतं.

आकडा ४५ ते ५५ च्या मध्ये आला तर तुमचा 'एकच धूम' उलगडला. कानाला जोरदार वाटणारा पण एकाच सुरावर अडकलेला बेस इथूनच येतो. आकडा २५ च्या आसपास आला तर बेस खोल पण पातळ, ढोलाला धार नाही. रोजच्या ऐकण्यासाठी मी ३३ ते ३८ च्या मध्ये थांबतो.

टेप घेऊन लिटर मोजा

इथे होणारी चूक एकच, पण तिची किंमत मोठी. बाहेरचं माप आतलं समजलं जातं. बाहेरून ५० × ३५ × ३५ सेंटिमीटरचा बॉक्स ६१ लिटरचा वाटतो. १८ मिलिमीटरचा एमडीएफ दोन्ही बाजूंनी वजा करा, म्हणजे प्रत्येक मापातून ३.६ सेंटिमीटर. आत उरतात ४६.४ × ३१.४ × ३१.४, म्हणजे ४५.७ लिटर. अजून वूफरचं स्वतःचं आकारमान गेलं साधारण २ लिटर, आतल्या आधाराच्या दांड्या १ लिटर, ११० मिलिमीटरचा ३५ सेंटिमीटर लांब पीव्हीसी पाइप सव्वातीन लिटर. हाती राहिले ३९ लिटर. मग ६१ समजून कापलेला पोर्ट ३९ लिटरला कसा जुळणार?

पोर्टच्या लांबीचं सूत्र असं. २३५६२.५ गुणिले पोर्टच्या आतल्या व्यासाचा वर्ग. त्याला भागायचं ट्यूनिंगच्या वर्गाने आणि लिटरने. आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा. व्यास आणि लांबी सेंटिमीटरमध्ये. ४५ लिटर, ३५ हर्ट्झ, १० सेंटिमीटरचा पोर्ट घेतला तर लांबी येते सुमारे ३५.४ सेंटिमीटर. आता तोच पोर्ट तसाच ठेवून खरे लिटर ३० निघाले, तर ट्यूनिंग ३५ वरून ४३ वर जातं. ४५ चा बॉक्स ३० चा होणं कठीण नाही, वरचा हिशेब बघा.

पाइपचा आतला व्यास स्वतः मोजा, पाइपवर छापलेला आकडा बाहेरचा असतो. ट्यूनिंग खाली आणायचं असेल तर लांब पाइप लावायचा, वर न्यायचं असेल तर एकेक सेंटिमीटर कापत प्रत्येक वेळी कोन बघायचा. पाइपचं आतलं टोक मागच्या पॅनलपासून निदान व्यासाइतकं दूर हवं, मावत नसेल तर कोपराचा जोड देऊन वळवा आणि लांबी मधल्या रेषेवरून मोजा. फरफर फार होत असेल तर पोर्ट मोठा करावा लागतो, पण त्याची किंमत आधी समजून घ्या. त्याच ४५ लिटरमध्ये ३५ हर्ट्झसाठी १० ऐवजी १५ सेंटिमीटरचा पोर्ट घेतला तर तो ८५ सेंटिमीटर लांब लागतो. तो पाइप त्या बॉक्समध्ये मावतच नाही. अशा वेळी नवा बॉक्स करणं शहाणपणाचं. पोर्टच्या दोन्ही तोंडांच्या कडा गोलाकार घासून बघा, फरफर तेवढ्यानेही बरीच कमी होते.

बंद बॉक्सचं गणित वेगळं. वूफरच्या कागदावर क्यूटीएस (कोन किती लवकर आवरतो याचं माप) आणि व्हास (कोनाच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी ताठ हवा किती लिटर) हे दोन आकडे असतात. ही मापं ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांच्या कामातून आली आणि आजही बॉक्सचे हिशेब त्यावरच होतात. क्यूटीएस ०.५ आणि व्हास ५० लिटरचा वूफर ५० लिटरच्या बंद बॉक्समध्ये बसवला की बॉक्ससकट तोच क्यूचा आकडा ०.७१ होतो, तिथे बेस सपाट आणि स्वच्छ असतो. ३० लिटरमध्ये ०.८२, इथवरही ठीक. १५ लिटरमध्ये १.०४, आणि आता एकच सूर फुगू लागतो. लहान पडलेल्या बंद बॉक्समध्ये उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर सैलसर भरा, वूफरला बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा भासतो. चमत्कार होत नाही, पण धार सौम्य होते. बॉक्स मोठा झाला असेल तर आत भरीव लाकडाचे ठोकळे गोंद आणि स्क्रूने पक्के बसवले की लिटर कमी होतात.

जाता जाता पॅनलही तपासा. वाजत असताना मोठ्या पॅनलच्या मध्यावर तळहात ठेवा. जोराने थरथरत असेल तर तुमची ताकद लाकूड हलवण्यात जातेय. समोरच्या पॅनलपासून मागच्या पॅनलपर्यंत एक दांडी आडवी बसवली की बहुतेक वेळा पुरतं. नवा बॉक्स करणार असाल आणि गाव दमट असेल तर साध्या एमडीएफऐवजी एचडीएचएमआर (ओल सोसणारा दाट बोर्ड) किंवा मरीन प्लाय घ्या, आणि कडा गोंदाने बंद करा.

इथे थांबा, माणूस बोलवा

जळका वास येत असेल, किंवा कोन हलक्या हाताने दाबताना आत खरखर जाणवत असेल तर वाजवणं ताबडतोब बंद करा. कॉइल सुटलीय किंवा घासतेय. ते काम रीकोनिंग (कोन आणि कॉइल नव्याने बसवणं) करणाऱ्याचं.

ॲम्प पुन्हापुन्हा प्रोटेक्टमध्ये (लाल दिवा लागून बंद) जातोय आणि ओहम बरोबर आहेत, तर एवढं स्वतः बघा: इंजिन चालू असताना ॲम्पच्या टोकांवर १३.८ ते १४.४ च्या आसपास व्होल्ट आहेत का, अर्थिंगची वायर आखूड आणि रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर बसलीय का. त्यापुढे ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज नसेल, किंवा वायर हाताला गरम लागत असेल, तर बॅटरीकडचं टोक आधी सोडवा. गाड्या अशाच पेटतात.

बॉक्स आवळण्यासाठी डिकीच्या किंवा मागच्या सीटखालच्या पत्र्यात आरपार स्क्रू मारायचा असेल तर आधी गाडी वर उचलून खाली काय आहे ते मेकॅनिकला बघू द्या. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली इंधनाची टाकी असते. सीटखालून जाणाऱ्या पिवळ्या आवरणाच्या वायर एअरबॅगच्या, इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी वायर उच्च दाबाच्या. दोन्हींना हात नाही.

आणि सीएनजी. सिलिंडर, त्याची पाइप, व्हॉल्व्ह आणि ब्रॅकेट यांच्या जवळ ड्रिल चालवायचं नाही, बॉक्स त्या ब्रॅकेटला बांधायचा नाही, व्हॉल्व्हची हवा खेळायची वाट बंद करायची नाही. जागा बनवण्यासाठी सिलिंडर थोडा सरकवू, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ते काम फक्त अधिकृत सीएनजी केंद्राचं. दर ३ वर्षांनी त्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते, तेव्हा तो बाहेर काढावाच लागतो. म्हणून अशा गाडीत मी बॉक्स नेहमी चार बोल्टवर, एका माणसाला पाच मिनिटांत काढता येईल असा बसवतो.

दुरुस्ती झाली की बॉक्सच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा: आतले निव्वळ लिटर, पोर्टचा आतला व्यास आणि लांबी, मोजलेलं ट्यूनिंग, कॉइलची जोडणी, तारीख. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा फुसका वाजला तर आधी तेच ट्यूनिंग मोजा. आकडा तोच निघाला तर ॲम्पच्या खटक्यांपासून सुरू करा, बदललेला निघाला तर खालच्या सांध्यापासून.